पाच ओळींचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विदर्भ-मराठवाड्यातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी बियाण्याच्या पाकिटाबरोबर अनेक वर्षे आणखी एक लहानशी पुडी येत असे. मोठ्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी सरकी आणि पुडीत १२० ग्रॅम साधी, म्हणजे बीटी नसलेली सरकी. ही साधी सरकी शेताच्या चारी बाजूंना धुऱ्यालगत निदान पाच ओळींत किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्क्यांत, यांपैकी जे अधिक असेल तितक्या जागेत पेरावी, अशी अट २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी देतानाच घातलेली होती. ही पुडी बहुतेक ठिकाणी पेरली गेली नाही. कुठे ती बांधावर भिरकावली गेली, कुठे खोपटाच्या वळचणीला तशीच पडून राहिली.

संशोधकाला आपले संशोधन सामान्य माणसाला सांगता आले पाहिजे आणि ते कसे सांगावे याचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले पाहिजे, हा विषय वरवर पाहता विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा वाटतो. सभा-मोर्चांत आणि वस्त्यांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. परंतु वस्तुतः हा त्या न पेरलेल्या पुडीचा विषय आहे, आणि म्हणून तो श्रमिकांचा विषय आहे.

त्या पाच ओळींमागचे शास्त्र काय होते? बीटी कापसाच्या झाडात जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडातच असे प्रथिन तयार होते, की जे खाल्ल्यावर बोंडअळी मरते. परंतु असंख्य अळ्यांत एखाददुसरी जन्मतःच अशी असते, की तिला ते प्रथिन बाधत नाही. सगळ्या शिवारात बीटी कापूसच असेल तर बाकीच्या मरतात आणि एवढ्याच उरतात. त्यांचे पतंग आपसांत जोडी जमवतात आणि त्यांची सारी प्रजा बीटीला न जुमानणारी निपजते. धुऱ्यालगतच्या साध्या पऱ्हाटीवर मात्र साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग संख्येने कितीतरी अधिक असतात आणि त्या एखाददुसऱ्या चिवट पतंगाची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते. अशा जोडीची प्रजा बहुतांशी बीटीने मरते. थोडक्यात, उरलेले शेत वाचावे म्हणून पाच ओळी अळीच्या स्वाधीन करायच्या.

ही गोष्ट आठ-दहा वाक्यांत मावते. ती समजायला पदवी लागत नाही. जातिवंत बैलाची पैदास आणि गावठी वळूचा संकर यांतला भेद पिढ्यानपिढ्या जाणणाऱ्या शेतकऱ्याला ती न समजण्याचे काही कारण नव्हते. परंतु त्याच्यापर्यंत पोचला तो प्रामुख्याने आदेश. कारण क्वचितच पोचले. कारणावाचून आलेल्या आदेशाकडे शेतकऱ्याने ज्या नजरेने पाहायचे त्याच नजरेने पाहिले. पाच एकरांच्या धन्याला जिथे एक ओळही सोडणे परवडत नाही, तिथे पाच ओळी किडीला चारा, असे सांगणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे किंवा लबाड.

इथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाच ओळी सोडण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याचा आणि याच हंगामातला होता. त्यापासून होणारा लाभ मात्र साऱ्या शिवाराचा आणि पुढच्या अनेक हंगामांचा होता. पतंगाला सातबारा कळत नाही. तो एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जातो. शेजारच्या दहा जणांनी पुडी पेरली नाही तर अकराव्याने पेरून फारसे साधत नाही, आणि दहा जणांनी पेरली तर अकराव्याने न पेरूनही त्याचे भागते. गायरान राखण्याचा जो प्रश्न, तोच हा प्रश्न. ज्याला हे उमगले असते त्याने पुडीवर एकेका शेतकऱ्यासाठी सूचना छापून समाधान मानले नसते. त्याने गावाची सभा बोलावली असती. ज्ञान सांगण्याची रीत त्या ज्ञानाच्या स्वरूपावरूनच ठरत असते. पण हे ओळखायला ज्याला सांगायचे त्याचा हिशेब सांगणाऱ्याला ठाऊक असावा लागतो, आणि कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्या हिशेबाला स्थान नव्हते.

परिणाम व्हायचा तो झाला. दशकभरात देशातले नव्वद टक्क्यांच्या आसपास कापूसक्षेत्र बीटीखाली आले. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, अशी कबुली बियाणे कंपनीलाच द्यावी लागली. पुढे दोन जनुके असलेल्या वाणांवरही ती जगू लागली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने असा उच्छाद मांडला, की उभ्या पऱ्हाटीत नांगर घालण्याची पाळी अनेकांवर आली आणि राज्य शासनाला नुकसानभरपाईची घोषणा करावी लागली. ही अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे बियाण्याचा पैसा गेला आणि वर फवारणीचाही गेला.

या आपत्तीचे एकमेव कारण पुडी न पेरणे हे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फरदड घेण्याची, म्हणजे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभे ठेवण्याची पद्धत, दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांचा बाजारातला सुळसुळाट, पुडीतल्या बियाण्याचा दर्जा आणि शासकीय देखरेखीतली ढिलाई ही सारी कारणे त्यात होती. तरीही एक तुलना विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात याच किडीविरुद्ध, तसाच बीटी कापूस १९९६ पासून लावला जात होता. तिथल्या शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे मोठ्या प्रमाणावर राखले. राज्य विद्यापीठाचे संशोधक, विस्तार विभाग आणि कापूस उत्पादकांच्या स्वतःच्या पैशावर चालणारी त्यांची परिषद एकत्र बसून दरवर्षी शेतांची पाहणी करीत आणि तिचे निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे ठेवीत. २००६ पासून वांझ पतंग सोडण्याची मोहीम तिला जोडली गेली आणि २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तिथली शेते विस्तीर्ण आहेत, भांडवल मुबलक आहे. विदर्भातल्या कोरडवाहू तुकड्याशी त्यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण कीड तीच होती, शास्त्र तेच होते. एके ठिकाणी शास्त्र शेतकऱ्यांच्या बैठकीपर्यंत पोचले. दुसऱ्या ठिकाणी ते पुडीच्या वेष्टनावर अडले.

महाराष्ट्रात संशोधक नव्हते असे नाही. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी वेळोवेळी इशारे दिले, पत्रके काढली, मेळावे घेतले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोष व्यक्तींचा नाही, घडणीचा आहे. आपल्याकडे संशोधक घडतो तो आपल्याच विषयातल्या मोजक्या तज्ज्ञांशी बोलण्यासाठी. त्याचा प्रबंध तपासणारे दोन-तीन तज्ज्ञ, त्याचा निबंध स्वीकारणारे परदेशी नियतकालिकाचे परीक्षक, त्याची बढती ठरवणारी समिती, एवढाच त्याचा श्रोतृवर्ग. ज्याच्या शेतात, कारखान्यात किंवा शरीरात त्याच्या ज्ञानाचा अखेर कस लागायचा तो माणूस या श्रोतृवर्गात कुठेच नाही. पाच-सहा वर्षे एका भाषेत विचार करण्याची सवय लागलेल्या तरुणाला एके दिवशी अचानक गावच्या पारावर उभे केले, तर तो बोलेल तरी काय?

खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २०२०-२१ साली भारताने संशोधन व विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. राष्ट्रीय उत्पन्नाशी हे प्रमाण अवघे ०.६४ टक्के पडते. ते वाढले पाहिजे यात वाद नाही. परंतु जो काही खर्च होतो त्यातला निम्म्याहून अधिक वाटा सार्वजनिक तिजोरीतून येतो, म्हणजे काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या माणसाच्या खिशातून येतो. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिक मालकीचे असते, हे तत्त्व तोंडाने सगळेच मान्य करतात. पण ज्या मालाची पेटी मालकाला उघडता येत नाही, त्या मालावरची मालकी कागदोपत्रीच राहते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. नागरिकाकडून या कर्तव्याची अपेक्षा करणाऱ्या राज्यसंस्थेने आपल्या संशोधकाला नागरिकाशी बोलायला शिकवू नये, ही विसंगती लहान नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ते असे, की सोपे करून सांगणे ही दैवी देणगी आहे. ती असते किंवा नसते. मराठीत अशी देणगी लाभलेली माणसे होऊन गेली हे खरेच आहे. ‘सृष्टिज्ञान’सारखे मासिक १९२८ साली सुरू झाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. जयंत नारळीकरांसारख्या जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञाने त्या परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली टोपणनावाने कथा पाठवली आणि २०२५ साली निधन होईपर्यंत मराठी वाचकांशी संवाद सोडला नाही. परंतु समाजाची गरज मोजक्या प्रतिभावंतांवर सोपवणे याला व्यवस्था म्हणत नाहीत. गावात एखादा हातगुण असलेला वैद्य आहे म्हणून प्राथमिक आरोग्यकेंद्र नको, असे कोणी म्हणत नाही.

शिवाय ही कला देणगीच असते, हा समजही तपासून घेण्याजोगा आहे. विज्ञान लोकांपुढे मांडणारा आदर्श वक्ता म्हणून मायकेल फॅरडेचे नाव घेतले जाते. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. १८१२ साली हम्फ्री डेव्हीची व्याख्याने त्याने ऐकली आणि त्यांची टिपणे बांधून डेव्हीकडेच पाठवली. पुढच्या वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. व्याख्यान कसे द्यावे याचा विचार त्याने प्रयोगाइतक्याच काटेकोरपणे केला. इतर वक्त्यांचे गुणदोष तो टिपून ठेवी. बेंजामिन स्मार्ट नावाच्या वक्तृत्वशिक्षकाकडे तो पैसे देऊन शिकला. स्वतःच्या व्याख्यानाला तो मॅग्रॅथ नावाच्या स्नेह्याला समोर बसवी, आणि वेग वाढला की ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड त्याच्यापुढे ठेवले जाई. मुलांसाठी नाताळातल्या व्याख्यानांची जी परंपरा त्या संस्थेने १८२५ साली सुरू केली, तिच्यातल्या एकोणीस मालिका फॅरडेने दिल्या. आज जिला त्याची प्रतिभा म्हणतात तिच्यामागे ही तालीम होती. जे फॅरडेला शिकावे लागले ते अकोल्याच्या किंवा परभणीच्या विद्यार्थ्याला न शिकवताच यावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

आणखी एक नाव या संदर्भात कार्यकर्त्यांनी स्मरणात ठेवावे. जे. बी. एस. हॉल्डेन हे विसाव्या शतकातले पहिल्या दर्जाचे आनुवंशशास्त्रज्ञ. निवडीच्या दडपणाखाली एखादे जनुक पिढ्यानपिढ्या कसे पसरते, याचे गणित मांडणाऱ्यांत ते अग्रणी होते. म्हणजे गुलाबी बोंडअळीने जे केले त्याचा हिशेब करण्याची रीत घालून देणाऱ्यांपैकी ते एक होते. याच माणसाने लंडनच्या ‘डेली वर्कर’ या कामगार दैनिकात तीनशेहून अधिक विज्ञानलेख लिहिले. कामगाराला ठाऊक असलेल्या वस्तूपासून आरंभ करावा आणि तिथून शास्त्राकडे जावे, ही त्यांची रीत होती, आणि असा लेख कसा लिहावा हे त्यांनी इतरांसाठी लिहूनही ठेवले. १९५७ साली ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. गिरणीतल्या माणसासाठी लिहिल्याने त्यांच्या शास्त्राला उणेपणा आल्याचे कोणी म्हटलेले नाही.

आता प्रश्न असा, की शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? कठीण शब्दाच्या जागी सोपा शब्द घालणे, एवढाच याचा अर्थ घेतला तर मोठी फसगत होईल. सोपा शब्द हा नेहमीच खरा शब्द नसतो. अळीवर बीटीचा परिणाम होईनासा झाला, हे सांगताना वर्तमानपत्रे लिहितात की अळीची प्रतिकारशक्ती वाढली. शेतकरी म्हणतो, अळी सरावली. हा शब्द सुंदर आहे, पण तो चुकीचे चित्र उभे करतो. कोणतीही एक अळी विषाला सरावत नाही. चाळणीने दळण चाळले म्हणजे खडे मोठे होत नाहीत. बारीक ते खाली जाते आणि खडे तेवढे वर राहतात. शिवारभर एकाच प्रकारचा कापूस लावणे म्हणजे अळ्यांना अशी चाळणी लावणे होय. ‘सरावली’ म्हटले की शेतकऱ्याला वाटते, औषधाची मात्रा वाढवावी. चाळणीची उपमा दिली की त्याच्या ध्यानात येते, मात्रा वाढवणे म्हणजे चाळणी अधिक जोराने हलवणे. एका शब्दाच्या निवडीवर पुढची सारी कृती अवलंबून असते.

आणि ‘औषध’ या शब्दाचे काय? मराठी खेड्यात कीटकनाशकाला औषध म्हणतात. फवारणीला औषध मारणे म्हणतात. जे पिकाचे औषध तेच माणसाचे विष, हे शब्दातून कुठेच सूचित होत नाही. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. त्यामागे विषारी रसायनांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, मजुराची लाचारी आणि विक्रीवरचे सैल नियंत्रण ही कारणे होती; ती शब्दांनी दूर होणारी नाहीत. पण डब्यावर काय असते तेही पाहावे. कायद्याने प्रत्येक डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळी, मग निळी, आणि हिरवी म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. ही उतरंड कार्यालयात बसलेल्याला स्वयंस्पष्ट वाटते. परंतु पिवळा रंग निळ्याहून घातक, हे फवारणीच्या रोजावर आलेल्या मजुराने कशावरून ओळखायचे? हळदीचा रंग विषाची खूण असेल हे कोणाच्या मनात यावे? आणि हिरवा म्हणजे पिकाला मानवणारा, असे कोणी समजले तर तो दोष कोणाचा? ज्या खुणेचा अर्थ ज्याच्यासाठी ती केली त्यालाच विचारून पाहिलेला नाही, ती खूण त्याला वाचवत नाही. फार तर ती कायदा करणाऱ्याच्या मनाचे समाधान करते.

म्हणून या शिक्षणातला अर्धा भाग सांगण्याचा नसून ऐकण्याचा आहे. इंग्लंडमधले एक उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि किरणोत्सर्गी सीझियम पावसाबरोबर उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर उतरले. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि शास्त्रज्ञांनी सांगितले की तीन आठवड्यांत सारे पूर्ववत होईल. तसे झाले नाही. चिकणमातीच्या जमिनीत सीझियम अडकून पडते, या अनुभवावर त्यांचा अंदाज आधारलेला होता. डोंगरमाथ्यावरची आम्लधर्मी, कुजक्या मातीची जमीन सीझियम धरून ठेवत नाही. ते पुन्हापुन्हा गवतात उतरते. बंदी लांबत गेली आणि तिचे शेवटचे अवशेष उठायला २०१२ साल उजाडले. एका प्रयोगात मेंढ्या कुंपणात कोंडून त्यांच्या अंगातले सीझियम मोजायचे ठरले. डोंगरावर मोकळी चरणारी मेंढी कोंडली की खंगते आणि मग मोजलेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही, हे मेंढपाळांनी आधीच सांगितले होते. कोणी ऐकले नाही आणि पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून दाखवून दिले, की लोकांना विज्ञान कळत नाही ही इथली अडचण नव्हती. मेंढपाळांना जे कळत होते ते शास्त्रज्ञांना कळले नाही, आणि चुकलेला अंदाज अत्यंत ठामपणे सांगितल्यामुळे पुढचे बरोबर अंदाजही कोणी मानीनासे झाले.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. लोक हे रिकामे भांडे आणि संशोधक हा पाण्याचा हंडा, या कल्पनेवर उभारलेले शिक्षण संशोधकाला चटपटीत बनवील, विश्वासार्ह बनवणार नाही. किती ठाऊक आहे, किती खात्रीने ठाऊक आहे आणि कोणत्या परिस्थितीत हे ज्ञान लागू पडणार नाही, हे श्रोत्यापुढे मोकळेपणाने मांडता येणे ही या शिक्षणाची खरी कसोटी होय.

या दिशेने काहीच घडलेले नाही असेही नव्हे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने नेमलेल्या वॉल्टर बॉडमर यांच्या समितीने १९८५ साली लोकांशी संवाद साधणे हे शास्त्रज्ञांचे कर्तव्य असल्याचे बजावले. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली ‘अवसर’ ही योजना काढून पीएच.डी. करणाऱ्या व त्यापुढील तरुण संशोधकांनी आपल्या कामावर लोकप्रिय लेख लिहावेत म्हणून बक्षिसे ठेवली. पहिले बक्षीस एक लाख रुपयांचे. त्याच विभागाने २०२२ साली वैज्ञानिकांच्या सामाजिक दायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून प्रत्येकाने वर्षातले निदान दहा दिवस या कामाला द्यावेत, असे सुचवले. त्याच वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी. नियमांनी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी निगडित अध्यापनाचे वा लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले.

ही पावले स्वागतार्ह आहेत, पण बक्षीस हा शिक्षणाला पर्याय नव्हे. स्पर्धेत तोच उतरतो ज्याला आधीच लिहिता येते. दहा दिवसांचे दायित्व विज्ञानदिनी शाळेत फीत कापून आणि छायाचित्र काढून सहज पुरे करता येते. आणि जोवर बढतीच्या वेळी परदेशी नियतकालिकातल्या निबंधाला गुण आहेत आणि गावच्या सभेला शून्य, तोवर शहाणा संशोधक काय निवडील हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. नियमातले दार मात्र उघडले आहे. त्यातून आत काय न्यायचे हे ठरवण्याची ही वेळ आहे.

त्यासाठी चार मागण्या विद्यापीठांपुढे ठामपणे मांडता येतील. पहिली, सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक प्रबंधाला त्या प्रदेशाच्या भाषेत, महाराष्ट्रात मराठीत, आठ-दहा पानांचे एक प्रकरण जोडलेले असावे आणि ते प्रबंधाबरोबरच तपासले जावे. दुसरी, तोंडी परीक्षेच्या वेळी विषयाबाहेरची एक व्यक्ती, म्हणजे शिक्षिका, शेतकरी, परिचारिका किंवा कामगार प्रतिनिधी, प्रश्न विचारायला बसावी. ‘सावकाश’ असे कार्ड दाखवण्याचा अधिकार तिला असावा. तिसरी, ज्या विषयांचा लोकजीवनाशी थेट संबंध येतो त्यांत संशोधनाचा आराखडा ठरण्यापूर्वीच विद्यार्थ्याने संबंधित वस्तीत काही आठवडे राहून लोकांचे प्रश्न नोंदवावेत, म्हणजे कुंपणात मेंढ्या कोंडण्याची पाळी येणार नाही. चौथी, या कामाला बढतीत गुण असावेत आणि ते शिकवणाऱ्यांना पगार असावा. जे काम फुकट करायला सांगितले जाते ते बिनमहत्त्वाचे मानले जाते, हा अनुभव स्त्रियांच्या घरकामापासून अंगणवाडी सेविकांच्या मानधनापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे.

एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. बोलके केलेले संशोधक सत्तेला आणि बाजारालाही हवे असतात. प्रशिक्षणाच्या नावाखाली संस्थेची जाहिरात करणारे, कंपनीच्या मालाची भलामण करणारे आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना गोड बोलून गप्प बसवणारे वक्ते तयार होऊ शकतात. हा धोका खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय संशोधकाला मुके ठेवणे हा नाही. आपल्या कामाला पैसा कोणी पुरवला, त्यातून लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हे आरंभीच सांगण्याची शिस्त त्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ असावी. आणि तो पाठ गिरवला जातो की नाही हे पाहणारा जागा श्रोता समोर असावा.

तो श्रोता तयार करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. परिवर्तनवादी चळवळींच्या अभ्यासवर्गांत आजवर इतिहास, अर्थकारण आणि राज्यघटना यांवर व्याख्याने झाली. कीटकशास्त्राच्या किंवा भूजलाच्या तरुण संशोधकाला मात्र तिथे क्वचितच बोलावले गेले. जवळच्या विद्यापीठातून अशा एखाद्याला महिन्यातून एकदा आणावे. त्याच्यासाठी ती तालीम होईल आणि गावासाठी ते शिक्षण होईल. त्याचे बोलणे झाले की तीन प्रश्न विचारावेत. हे तुम्हांला कशावरून कळले? काय घडले तर तुमचे म्हणणे चुकीचे ठरेल? आणि यात पदरचे कोणाचे जाणार? ज्याला या तीन प्रश्नांना साध्या मराठीत उत्तरे देता येतात, त्याचे शिक्षण पुरे झाले असे समजावे. ज्याला येत नाहीत, त्याला हिणवू नये. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवावे.

अलीकडे त्या वेगळ्या पुडीऐवजी साधी सरकी मुख्य पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली आहे. शेतकरी पेरत नाही, तर त्याच्या नकळत पेरली जावी, अशी ही तोड आहे. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात काही अर्थ असेल. पण तिच्यातून एक कबुलीही मिळते: समजावून सांगण्यापेक्षा मिसळून टाकणे व्यवस्थेला सोपे वाटले. लोकशाहीत हा मार्ग फार दूर नेत नाही. पाण्याचा उपसा, जंतू ज्यांना जुमानेनासे झाले आहेत त्या प्रतिजैविकांचा वापर, तापत चाललेल्या हवामानातले पीक यांपैकी कोणतीही गोष्ट पाकिटात मिसळून नागरिकाच्या नकळत पार पाडता येणार नाही. तिथे प्रत्येकाला आपापल्या धुऱ्यावरच्या पाच ओळी स्वतःच्या हाताने, कारण समजून, सोडाव्या लागतील. ते कारण सांगू शकणारा संशोधक आणि ते विचारू शकणारा नागरिक, दोघेही घडवावे लागतात. आपोआप उगवत नाहीत.